जपानची क्रूझ: बुसानला का जावं लागतं आणि अहिल्यानगरकरांचा व्हिसा कुठे अडतो?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. बोटीत बसायचं म्हणजे भंडारदऱ्याचं नाहीतर मुळा धरणाचं पाणी. तरीही गेल्या काही वर्षांत संगमनेर, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्यांच्या जाहिराती फिरायला लागल्यात. आठ-दहा रात्रींची जपान क्रूझ, सहा-सात बंदरं, जेवण-राहणं सगळं जहाजावर. मुलं परदेशात असलेली, नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी किंवा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करणारी मंडळी या जाहिराती गांभीर्याने वाचतात.

क्रूझचं पॅकेज लाखांत जातं आणि पैसे बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर आधी भरावे लागतात. अशा वेळी सगळ्यात महाग पडणारी चूक केबिन निवडण्यात किंवा कपड्यांत होत नाही, ती व्हिसाच्या एका शब्दात होते. ती का होते हे समजायला जपानचा १८९९ सालचा एक कायदा माहीत असावा लागतो.

जपानची क्रूझ कोरियाला का जाते?

जाहिरातीतला नकाशा नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. जहाज योकोहामा किंवा टोकियोहून निघतं, जपानची चार-पाच बंदरं करतं, मध्येच दक्षिण कोरियातल्या बुसानला जातं आणि पुन्हा जपानला येतं. बुसान नसेल तर कोरियाचंच जेजू बेट किंवा तैवानचं कीलुंग असतं. ‘एका तिकिटात दोन देश’ असं त्याखाली लिहिलेलं असतं.

ही कंपनीची मेहेरबानी नसते. जपानच्या १८९९ च्या जहाज कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला विशेष परवानगीशिवाय एका जपानी बंदरातून दुसऱ्या जपानी बंदरात प्रवासी किंवा माल नेता येत नाही. देशांतर्गत वाहतूक आपल्याच जहाजांकडे राहावी, हा त्यामागचा हेतू. याला जहाजाच्या धंद्यात कॅबोटाज म्हणतात आणि असे नियम जगातल्या बऱ्याच देशांत आहेत.

मोठ्या क्रूझ कंपन्यांची जहाजं बहुतेक बहामा, बर्म्युडा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. त्यामुळे त्यांना फेरीत कुठेतरी परदेशी बंदर घ्यावं लागतं, आणि जपानच्या पश्चिम बाजूला सगळ्यात जवळचं मोठं परदेशी बंदर म्हणजे बुसान. जपानी झेंड्याच्या ‘आसुका’सारख्या जहाजांना ही अट नाही. ती फक्त जपानच्या किनाऱ्यानेही फिरतात, पण त्यांचा प्रवासी मुख्यतः जपानी असतो आणि भारतातल्या जाहिरातींत ती क्वचितच दिसतात.

मग व्हिसा कुठे अडतो?

विमानाने टोकियोला उतरून जहाजात बसणाऱ्या भारतीयाला जपानचा व्हिसा लागतोच. साधा पर्यटन व्हिसा, भारतीयांना मिळणारा ई-व्हिसासुद्धा, एका प्रवेशाचा असतो. टोकियोच्या विमानतळावर शिक्का पडला की तो प्रवेश वापरला गेला. जहाज बुसानला गेलं म्हणजे प्रवासी जपान सोडून बाहेर गेला. परत नागासाकीला किंवा योकोहामाला उतरायचं तर तो दुसरा प्रवेश ठरतो.

म्हणून परदेशी बंदर असलेल्या क्रूझसाठी दोन प्रवेशांचा किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो, आणि अर्जासोबत जहाजाचा पूर्ण कार्यक्रम जोडावा लागतो, म्हणजे दुसरा प्रवेश कशाला हवा ते अधिकाऱ्याला दिसतं. हा व्हिसा नसेल तर क्रूझ कंपनी योकोहामाच्या धक्क्यावरच प्रवाशाला जहाजात चढू देत नाही. अशा वेळी भाडं परत मिळत नाही. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, असं तिकिटाच्या अटींमध्ये आधीच लिहिलेलं असतं.

सोशल मीडियावर ‘क्रूझने गेलं तर जपानला व्हिसा लागत नाही’ असंही फिरतं. यात अर्धं खरं आहे. जपान सरकारने ठरवून दिलेल्या जहाजांवरच्या प्रवाशांना २०१५ पासून व्हिसाशिवाय किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी मिळू शकते. पण ही सोय परदेशातून त्या जहाजाने येणाऱ्या आणि त्याच जहाजाने परत जाणाऱ्या प्रवाशांसाठी आहे. मुंबईहून विमानाने टोकियो गाठून तिथे जहाजात बसणाऱ्याला ती लागू होत नाही, आणि भारतातून जाणारे बहुतेक जण असेच जातात.

कोरियाचा भाग वेगळा. भारतीय पासपोर्टवर दक्षिण कोरियाला जायला व्हिसा लागतो. क्रूझच्या प्रवाशांना काही वेळा तात्पुरती उतरण्याची परवानगी मिळते, पण ती जहाज आणि कार्यक्रम यांवर अवलंबून असते. एजंट तोंडी ‘काही लागत नाही’ म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नये. हे वाक्य कंपनीकडून ई-मेलवर मागून घ्यावं.

वेळेचं गणितही आहे. जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून साधारण तीन महिन्यांत वापरावा लागतो. त्यामुळे बुकिंग वर्षभर आधी झालं तरी व्हिसाचा अर्ज तेव्हाच करून उपयोग नसतो. जिल्ह्याचं पासपोर्टचं काम पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे येतं, तर जपानचा व्हिसा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत. कोरियाचा व्हिसा काढायचा ठरला तर तोही मुंबईतूनच. पासपोर्ट एका दूतावासात अडकलेला असताना दुसरीकडे अर्ज करता येत नाही, हे धरून तारखा आखाव्या लागतात.

कंसातलं नाव आधी वाचा

क्रूझच्या माहितीपत्रकात बंदरांची नावं अशी असतात: टोकियो (योकोहामा), क्योटो (मायझुरू), माउंट फुजी (शिमिझू). बाहेरचं नाव विकण्यासाठी आणि कंसातलं नाव जहाज जिथे लागतं तिथलं.

योकोहामा आणि टोकियो यांच्यात अंतर फार नाही. मायझुरूचं तसं नाही. हे बंदर क्योटो प्रांतातच येतं, पण जपान समुद्राच्या बाजूला, आणि मंदिरांचं क्योटो शहर तिथून शंभरेक किलोमीटर. पुण्याला जायचं म्हणून अहिल्यानगरला उतरवल्यासारखंच हे. जहाज सकाळी आठला लागलं आणि संध्याकाळी पाचला निघणार असेल, तर जाण्या-येण्यात चार तास जाऊन क्योटोला तीन-साडेतीन तास उरतात. पहिल्या जपानी बंदरात बोटांचे ठसे आणि फोटोसाठी रांग असते, तिथेही वेळ जातो. शिवाय निघण्याच्या अर्धा-एक तास आधी जहाजावर परतावं लागतं.

उशीर झाला तर जहाज थांबत नाही. कंपनीच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर कंपनी बघते. स्वतः ट्रेनने फिरायला गेलेला प्रवासी मागे राहिला तर पुढचं बंदर त्याने स्वखर्चाने गाठायचं, आणि पुढचं बंदर बुसान असेल तर आणखी पंचाईत.

क्योटो, नारा मनासारखं पाहायचं असेल तर क्रूझच्या आधी किंवा नंतर दोन-तीन दिवस जमिनीवर राहणं बरं. जहाजावरून क्योटो ‘करून’ येणं म्हणजे पाटीला हात लावून येणं.

कोणती बंदरं खरोखर जहाजातून पाहण्यासारखी?

ज्या शहरांत जहाज थेट गावाच्या दारात लागतं, ती. या हिशेबात नागासाकी सगळ्यात वर येतं. लांब, अरुंद खाडीतून जहाज आत जातं, दोन्ही बाजूंना डोंगरउतारावर घरं, आणि धक्का जवळपास गावातच. बाहेर पडलं की ट्राम मिळते. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बचं संग्रहालय आणि शांतता उद्यान ट्रामने गाठता येतं. जपानने परकीयांना दारं बंद केली होती त्या दोनशेहून अधिक वर्षांत डच व्यापाऱ्यांना जिथे राहायची मुभा होती, ते देजिमाही याच शहरात. एका दिवसात हे सगळं घाई न करता होतं.

योकोहामाचा ओसानबाशी धक्काही शहराच्या मध्यातच आहे. मात्र तिथे जाताना योकोहामा बे ब्रिजखालून जावं लागतं आणि हा पूल पाण्यापासून सुमारे ५५ मीटर उंच. त्याहून उंच जहाजं पुलाच्या अलीकडे दाइकोकू धक्क्याला लागतात, तिथून शहरात बसने यावं लागतं. टोकियोलाही हीच अडचण होती, तिथे रेनबो ब्रिज आडवा येत होता. म्हणून २०२० मध्ये पुलाच्या बाहेरच्या बाजूला नवं क्रूझ टर्मिनल सुरू झालं.

ओसानबाशीपासून चालत काही मिनिटांवर यामाशिता पार्क आहे. तिथे भारतीय घाटणीचा एक छोटा घुमट आणि त्याखाली पाण्याचं कारंजं दिसतं. १ सप्टेंबर १९२३ च्या मोठ्या भूकंपात योकोहामातले अनेक भारतीय व्यापारीही मारले गेले. वाचलेल्यांना शहराने आसरा दिला, त्याची आठवण म्हणून तिथल्या भारतीयांनी १९३९ मध्ये हे कारंजं शहराला भेट दिलं. बहुतेक भारतीय पर्यटक त्याच्याजवळून न थांबता पुढे जातात.

कोबे आणि मुंबई यांचं नातं तर जहाजांमुळेच जुळलं. १८९३ मध्ये निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीने कोबे-मुंबई मार्ग सुरू केला. जपानचा हा पहिला दूर पल्ल्याचा सागरी मार्ग. जपानच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता आणि ब्रिटिश कंपन्यांचं भाडं फार होतं. ते मोडून काढायला जमशेदजी टाटा जपान्यांच्या सोबत उभे राहिले. पुढे कोबेत भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. १९३५ ची कोबे मशीद ही जपानमधली पहिली मशीद, आणि तिच्या वर्गणीत भारतीय व्यापाऱ्यांचाही वाटा होता. कितानो भागात १९८५ चं जैन मंदिर आहे. या भागात शाकाहारी भारतीय जेवण मिळतं, त्यामुळे चार दिवस जहाजावर काढलेल्या जैन किंवा माळकरी कुटुंबाला कोबे अचानक ओळखीचं वाटू लागतं.

महाराष्ट्रातून जपानला जाऊन आलेल्या जुन्या प्रवाशांत महर्षी कर्व्यांचं नाव घ्यावं लागेल. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका वाचून त्यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली होती. ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहायला मात्र त्यांना जगप्रवासाच्या शेवटाची वाट पाहावी लागली. तिथून ते १९३० मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांचं वय सत्तरच्या पुढे होतं.

दक्षिणेला कागोशिमा. बंदरासमोर साकुराजिमा ज्वालामुखी, उंची १,११७ मीटर, आणि तो अजून जागा आहे. वाऱ्याची दिशा बदलली की शहरावर राख पडते, दुकानदार सकाळी ती झाडतात. १९१४ च्या उद्रेकात इतका लाव्हा वाहिला की मुळात बेट असलेला साकुराजिमा जवळच्या द्वीपकल्पाला जोडला गेला. अकोले तालुक्यातल्या माणसाला हे दृश्य विशेष वाटावं. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडही लाव्ह्याच्याच थरांचे, फक्त ते थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाले. दगड तसा ओळखीचाच, वर धूर तेवढा नवा. गावातून साकुराजिमाला फेरीबोटीने पंधरा मिनिटं लागतात, त्यासाठी कंपनीची महागडी सहल घ्यायची गरज नाही.

ओकिनावाच्या नाहा बंदरात वेगळाच जपान भेटतो. १८७९ पर्यंत इथे र्युक्यू हे वेगळं राज्य होतं. त्याचा शुरी किल्ला ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे आगीत जळाला आणि त्यानंतर मुख्य दालन पुन्हा उभारायला घेतलं गेलं.

कोणत्या महिन्यात जावं?

साकुराचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणून तेव्हा भाडं सगळ्यात चढं. तो नेमका गाठणं नशिबावर, कारण जहाजाची तारीख वर्षभर आधी ठरते आणि फुलं हवामानावर उमलतात. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत बहुतेक जपानात पावसाळा. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे महिने. ऑगस्टमधल्या क्रूझ मुद्दाम सणांना जोडलेल्या असतात, आओमोरीचा नेबुता किंवा तोकुशिमाचा आवा ओदोरी, आणि ते पाहण्यासारखे आहेतच. पण वादळ आलं तर कप्तान बंदर गाळू शकतो, आणि ओकिनावा, इशिगाकी अशी बेटं आधी गाळली जातात. गाळलेल्या बंदराची सहसा भरपाई मिळत नाही, फार तर बंदराचा कर आणि कंपनीच्याच सहलीचे पैसे परत मिळतात. ज्यांना बेटंच पाहायची आहेत त्यांच्यासाठी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर जास्त भरवशाचा.

जेवण आणि औषधं

जहाजावर भारतीय किंवा जैन जेवण आधी कळवलं तर बहुतेक मोठ्या कंपन्या देतात. खरी अडचण किनाऱ्यावर. जपानी रस्सा, नूडल्स, इतकंच काय भाजीसुद्धा दाशी नावाच्या पाण्यात शिजते आणि ते बहुधा सुकवलेल्या माशापासून केलेलं असतं. ताटात मासा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं समजू नये. घरून फळं किंवा ताजा कढीपत्ता नेऊ नये, विमानतळावरच काढून घेतात.

औषधांचा नियम ज्येष्ठांनी लक्षात ठेवण्यासारखा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं स्वतःपुरती एका महिन्याची नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर ‘युन्यू काकुनिन-शो’ हे आयात प्रमाणपत्र निघण्याआधी ऑनलाइन काढावं लागतं. आपल्याकडे सर्दी-खोकल्यावर सहज मिळणाऱ्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असतं आणि ठरावीक प्रमाणापुढे ते जपानमध्ये चालत नाही. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठी इंग्रजीत, आणि तीन महिन्यांचा साठा घरीच ठेवलेला बरा.

विमा उतरवताना तो समुद्रप्रवासातल्या उपचारांना आणि जहाजावरून दवाखान्यात हलवण्याला लागू आहे का, हे विचारावं. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं येतं. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामात अडकलेलं ‘डायमंड प्रिन्सेस’ अनेकांना आठवत असेल. ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोरोना झाला. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ जण पर्यटक नव्हे, जहाजाचे कर्मचारी होते.

पैशांत काय धरलेलं नसतं?

जाहिरातीतला आकडा बहुतेक दोघांत एक केबिन धरून माणशी असतो. एकट्याने जाणाऱ्याला जवळपास दुप्पट पडू शकतं. त्यात विमान, व्हिसा, बंदर कर, रोजची सेवाशुल्काची रक्कम, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली धरल्या आहेत का, हे एकेक विचारावं. सेवाशुल्क माणशी दररोज लागतं आणि ते डॉलरमध्ये असतं, त्यामुळे दहा दिवसांत चांगलंच वाढतं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर भारतात टीसीएस कापला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलतात, पण कापलेली रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवून वजा करून घेता येते किंवा परत मिळवता येते. त्यासाठी पावती ज्याचा पॅन दिला त्याच्या नावाने असते. मुलाने पैसे भरले आणि पॅन वडिलांचा दिला, तर परतावा वडिलांच्या विवरणपत्रातूनच मागावा लागतो.

एका प्रवेशाच्या व्हिसावर बेटं पाहायची असतील तर?

२०२३ च्या नव्या मोजणीनुसार जपानची बेटं १४,१२५ भरतात. क्रूझ जहाजं त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बेटांना लागतात. बाकीची जपानी फेरीबोटींनी जोडलेली आहेत. या बोटी जपानी असल्यामुळे त्यांना बुसानची अट नाही, आणि प्रवासी देशाबाहेर जात नसल्यामुळे साधा एका प्रवेशाचा व्हिसा पुरतो.

ओसाकाहून संध्याकाळी निघालेली बोट रात्रभर सेतो आतल्या समुद्रातून जाऊन सकाळी बेप्पूच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पोचवते. रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात. कागोशिमाहून नाहाला जाणारी बोट साधारण २५ तास घेते आणि वाटेत आमामी, तोकुनोशिमा, ओकिनोएराबू, योरोन या बेटांना लागते. या बोटींवर नाटकं नसतात, सहा वेळचं जेवण नसतं, बऱ्याच ठिकाणी पाट्या जपानीतच असतात. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना एकटं पाठवण्यासाठी ही सोय नाही, त्यांच्यासाठी क्रूझच बरी: बॅग एकदाच उघडायची आणि खोली सोबत चालते. पण तिशी-चाळिशीतल्या जोडप्याला, ज्यांना बंदरांपेक्षा बेटं पाहायची आहेत, फेरीबोटीतून कमी पैशांत जास्त जपान दिसतं.

सगळ्यात लांबचं टोक ओगासावारा. टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून ‘ओगासावारा मारू’ ही बोट सकाळी अकराला सुटते आणि सुमारे १,००० किलोमीटर समुद्र कापून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चिचीजिमाला पोचते. तिथे विमानतळ नाही. बोट बहुतेक काळ आठवड्यातून एकदाच असते, त्यामुळे गेलेला प्रवासी त्याच बोटीच्या परतीपर्यंत तिथेच राहतो. २०११ पासून ही बेटं जागतिक वारसा यादीत आहेत, आणि कागदोपत्री त्यांचा पत्ता टोकियो महानगरच आहे.